अपुऱ्या वाक्यांची यादी

माझ्या नवऱ्याला चहात साखर आवडत नाही, हे मला लग्नानंतर एकतीस वर्षांनी एका यंत्राने सांगितलं.

हसू नका. मला तरी त्या वेळी हसू आलं नव्हतं. वाचा-उपचार केंद्रातल्या त्या गारढोण खोलीत हातात कागद धरून मी अशी काही बसले होते, की डॉक्टरीणबाईंनी घाबरून मला पाणी आणून दिलं.

मी उज्ज्वला चौगुले. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं घर, आणि घरामागच्या शेडमध्ये माझा कांदा-लसूण चटणीचा धंदा. चार बायका हाताखाली आहेत. बोलण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. गिऱ्हाईक असो, भाजीवाली असो की महापालिकेचा साहेब, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार. लोक म्हणायचे, उज्ज्वलाताई म्हणजे भारी हुशार बाई. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि आमचे हे, सर्जेराव. फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा कारागीर म्हणजे पॅटर्नमेकर. कानावर कायम पेन्सिल, फक्त अंघोळीला जाताना काढून ठेवायचे. पुढे फौंड्रीत नमुन्याशिवाय थेट वाळूचे साचे छापणारी यंत्रं आली आणि हे घरी बसले. हातात कसब, पण बोलणं लहानपणापासून अडखळत. 'पा... पा... पा...' झालं, की समोरचा म्हणायचा, "पाणी?" आणि हे मान हलवायचे. वाक्याचं पहिलं अक्षर ह्यांचं आणि उरलेलं वाक्य आमचं, असा आमच्या घरचा रिवाज पडला होता. घरचाच कशाला, अख्ख्या गल्लीचा.

लोक ह्यांना देवमाणूस म्हणायचे. भोळा सांब म्हणायचे. ज्याला अक्कल कमी असं वाटतं आणि तोंडावर म्हणवत नाही, त्यालाही आपल्याकडे देवमाणूस म्हणतात, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

तर ते यंत्र म्हणजे गळ्याला लावायची कंठपट्टी. ती बसवायला मीच ह्यांना नेलं होतं. केंद्रातल्या डॉक्टर निलोफर मुजावर, पोरसवदा बाई, पण सांगायची हातोटी चांगली. त्या म्हणाल्या, "काकू, माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदू जीभ, जबडा, घसा यांना हुकूम सोडतो. आवाज निघाला नाही तरी त्या स्नायूंत बारीकशी वीज खेळते. मनातल्या मनात वाचताना आपली जीभ किंचित हलते ना, तसं. काकांच्या डोक्यात वाक्य पूर्ण तयार असतं. हुकूमही सुटतो. फक्त आवाज आणि स्नायू यांची वेळ जुळत नाही, तिथं गाडी अडते. मनात बोलताना ते मुळीच अडखळत नाहीत. ही पट्टी गळ्याला लावली की ती वीज वाचते, शब्द जुळवते आणि त्यांच्याच आवाजात बोलते."

"म्हणजे मनातलं सगळं बाहेर पडणार?" मी विचारलं.

"नाही हो. नुसत्या विचाराला ती हात लावत नाही. जे बोलायचं म्हणून ओठांपर्यंत आलं, तेवढंच."

पहिला महिना पट्टी बोलणार नव्हती, नुसती शिकणार होती. ह्यांनी केंद्राच्या पुस्तकातले उतारे मनात वाचायचे, आणि एरवी घरात नेहमीसारखं वागायचं. पट्टीला कानही होते. खोलीत कोण काय बोललं तेही ती टिपून घ्यायची. महिना संपल्यावर यंत्राने एक यादी छापून दिली. हे जे वाक्य बोलायला निघाले आणि दुसऱ्याने मध्येच पूर्ण केलं, अशा सगळ्या वाक्यांची. डावीकडे ह्यांचं खरं वाक्य, उजवीकडे आम्ही केलेलं.

"काका, काकूंना दाखवू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ह्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि यादीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'दाखवा.'

सहाशे बारा वाक्यं. त्यातली चारशे नव्वद मी पूर्ण केलेली. बरोबर किती, माहीत आहे? एकोणीस.

पहिलंच ते चहाचं. हे म्हणाले होते, "चहात साखर..." आणि मी म्हटलं होतं, "कमी झाली? थांबा, घालते." डावीकडे लिहिलं होतं, 'चहात साखर घालत जाऊ नकोस, गूळ चालेल.' खाली आणखी एक. हे "पा... पा..." करत होते आणि मी, "पाय दुखतात? बसा, तेल लावते." खरं वाक्य होतं, 'पाणी जिन्याखाली का साचतं ते कळलं. फरशीचा उतार उलटा आहे.' अहो, त्या जिन्याखालच्या पाण्यापायी मी तीन गवंडी बदलले होते! आणि हा माणूस गुपचूप पाय पुढे करून तेल लावून घेत होता.

माझा भाऊ संपत घरी येऊन तासभर गप्पा ठोकून गेला होता, त्या दिवशीचं एक होतं. हे म्हणाले, "सं... संपतराव..." मी म्हटलं, "हो ना, संपत म्हणतो ते बरोबरच आहे." डावीकडे होतं, 'संपतराव हा किस्सा तिसऱ्यांदा सांगतायत आणि दर वेळी साप दोन हात वाढतोय.'

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते. चेहरा तोच, साधा, भोळा. माझ्या घरात एकतीस वर्षं कुणी वेगळाच माणूस राहत होता आणि मी त्याला तेल लावत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टीचा आवाज सुरू केला. म्हणाल्या, "काका, बोला काहीतरी."

ह्यांचे ओठ जेमतेम हलले. गळ्यापाशी आवाज उमटला, ह्यांचाच, घोगरा, पण एका दमात. "मॅडम, तुम्ही महिनाभर माझं वाक्य एकदाही तोडलं नाहीत. असा माणूस मला शाळा सोडल्यापासून भेटला नव्हता. आभारी आहे."

मला हुंदकाच आला. आनंदाचा होता, हे खरं. पण त्यात थोडी लाजही होती.

मग काय, कोल्हापुरात बोभाटा झाला. फौंड्रीत एका पंपाच्या ओतकामात सारखी भोकं पडत होती, दोन बाहेरचे तज्ज्ञ येऊन हात टेकून गेले होते. शार्दूल नावाच्या तिथल्या इंजिनिअरने ह्यांना बोलावलं. ह्यांनी सगळं फिरून बघितलं, तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "वाळू ओली नाही, यंत्रही चुकत नाही. तुम्ही धातू ओतताय त्या तोंडाची जागा चुकली आहे. हवा बाहेर पडायला वाटच नाही." तसंच निघालं. शार्दूलने ह्यांचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं, ते त्याने सगळीकडे पाठवलं.

आठवडाभर लोक घरी येऊन तोंडात बोटं घालत होते. चौगुले, तुम्ही एवढे हुशार कधी झालात? आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच लोकांचे चेहरे बदलले. हे काही मुद्दाम टोचून बोलायचे नाहीत. पण चूक असेल तर चूक म्हणायचे, माहीत नसेल तर "मला माहीत नाही, विचार करून सांगतो" म्हणायचे, आणि कुणी थाप मारली की एकच प्रश्न विचारायचे. तो एक प्रश्न लोकांना सोसेना.

"ताई, खरं सांगू का?" संपत मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला. "दाजींचं काय न्हाई त्यात. ती पट्टीच हुशार हाय. कंपनीनं आत सगळं भरून ठेवलेलं असतंय. दाजी आधी बरं होतं, देवमाणूस. आता लई शानपणा कराय लागलेत."

बाहेरून आवाज आला, "संपतराव, पट्टी बोलते. कान माझेच आहेत."

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, असं का होतं? त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या केंद्रात आम्ही हेच मोजतो. प्रश्न विचारल्यावर ऐकणारा जेमतेम एक सेकंद थांबतो. त्यात उत्तर आलं की माणूस हुशार. त्यापुढे गेलं की मंद. मग उत्तर काय आलं, ते कुणी नीट ऐकतच नाही. काका होते तसेच आहेत, काकू. मधला थांबा तेवढा गेला."

मी मान डोलावली. पण रिक्षात बसल्यावर मला एक जुनं वाक्य आठवलं. ते त्या यादीत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीचं होतं.

आमची एकुलती एक लेक, ऋतुजा. इंजिनिअर झाली. मी तिचं लग्न जुळवलं, साखरपुड्याची तारीख धरली. आठ दिवस राहिले असताना ही म्हणते, मला लग्न नको. कोइमतूरच्या एका फौंड्रीत पॅटर्नचं काम शिकायला घेतायत, मी जाणार. मुलीच्या जातीने लोखंडाच्या धुरात जायचं? मी आकाशपाताळ एक केलं. संपत होता, हे होते, सगळे बाहेरच्या खोलीत. शेवटी ती ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही राहा म्हणालात तर राहते."

हे म्हणाले, "मा... माझी... माझी..."

आणि मी म्हटलं, "माझी मान खाली घालायला लावणार असशील तर या घराचं नाव घेऊ नकोस! हेच म्हणतायत बाबा. कळलं?"

हे उठून आत गेले. ऋतुजा बघत राहिली, आणि त्याच दुपारी बॅग घेऊन निघून गेली.

पुढचं सांगायला मला जड जातं. वर्षभराने तिचा माझ्याशी फोन सुरू झाला. दर महिन्याला करते. कोइमतूरला आता ती पॅटर्न विभागाची प्रमुख आहे. पण बाबा कसे आहेत, हे तिने कधी विचारलं नाही. एकदा म्हणाली, "आई, तू तडकतेस आणि विसरतेस, तुझं मी मनावर घेत नाही. पण बाबांनी आयुष्यात माझ्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं, आणि त्यांनी ते असलं बोलावं?" त्या वेळी मी सांगू शकले असते. ते वाक्य माझं होतं गं, बाबांचं नव्हे. नाही सांगितलं. तिचा राग त्यांच्यावर राहिला म्हणून माझा फोन सुरू राहिला, हे मला ठाऊक होतं. नऊ वर्षं मी ते गिळून बसले.

त्या दिवशी घरी येऊन मी मिरच्यांची देठं मोडत बसले. हे समोर येऊन बसले, मदतीला. मी वर न बघता विचारलं, "ऋतुजा गेली त्या दिवशी तुम्ही काय म्हणणार होता?"

पट्टी लगेच बोलली. इतकी लगेच, की जणू वाक्य नऊ वर्षं तिथंच थांबलं होतं. "माझी आकसायची पट्टी घेऊन जा, म्हणणार होतो. तिकडे चांगली मिळते की नाही कुणास ठाऊक."

माझ्या हातातली मिरची खाली पडली. ती पट्टी मला माहीत होती. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी ह्यांची एक खास पोलादी मोजपट्टी होती, तिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. ह्यांच्या उस्तादाने दिलेली. घरात कुणी तिला हात लावायचा नाही. पोरीने परवानगी मागितली होती, आणि ह्यांनी परवानगीचा विचार केव्हाच संपवून तिची बॅग भरायला घेतली होती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी ओरडलेच. मिरचीचे हात डोळ्यांना लागले होते, डोळ्यांची आग होत होती. हे उठले, ओला रुमाल आणून दिला आणि पुन्हा देठं मोडायला बसले.

दोन दिवसांनी ऋतुजाचा फोन आला. महिना संपायला अवकाश होता, तेव्हाच मी काय ते समजले. शार्दूलचा व्हिडिओ फिरत फिरत कोइमतूरला पोचला होता. "आई, ते बाबा आहेत? असं बोलतात ते? असं डोकं चालतं त्यांचं?" "म्हणजे तेव्हाही चालत होतं. म्हणजे 'घराचं नाव घेऊ नकोस' हे त्यांनी पूर्ण विचार करून सांगितलं होतं. रविवारी सकाळी अकराला फोन करते. त्यांना समोर बसव. मला एकच गोष्ट विचारायची आहे."

मी ह्यांना निरोप दिला. विचारलं, "काय सांगणार तिला?"

"विचार करतोय," ते म्हणाले.

आता मी काय केलं ते ऐका, आणि हवं तर माझ्या तोंडावर थुंका. शनिवारी दुपारी हे कटिंगला गेले असताना मी पट्टीचा चार्जर काढला आणि फडताळात चटणीच्या मोठ्या बरणीमागे लपवला. पट्टी दिवसभर चालते, रोज चार्ज करावी लागते. रविवारी सकाळी ती गळ्यात असून नसल्यासारखी झाली असती. पट्टी नसली की हे अडखळणार, अडखळले की मी आहेच. सवयीप्रमाणे सगळं निभावून नेलं असतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि माझी बुद्धी ही.

रविवारी हे उठले, पट्टी बघितली. मेलेली होती. टेबलावर चार्जर शोधला नाही, मला विचारलं नाही. एकवार फडताळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. ह्यांनी पट्टी गळ्यातून काढून डबीत ठेवली आणि अंघोळीला गेले.

अकराला भिंतीवरच्या पडद्यावर फोन लागला. ऋतुजाचे केस एका बाजूला पांढरे झाले होते, तिशीतच. कानावर पेन्सिल होती. नऊ वर्षांत मी तिला फोनवर ऐकत होते, पण ही पेन्सिल मला माहीत नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात, ते मनापासून होतं?"

हे सरळ बसले. "त्या... त्या... त्या दि..."

मान वाकडी झाली, गळ्याची शीर फुगली. ऋतुजा बघत होती. माझी जीभ शिवशिवायला लागली. पुढचं वाक्य मला दिसत होतं. त्या दिवशी तुझी आई बोलली, मी नव्हे. हेच येणार. किंवा, आणि हे मला जास्त भयंकर वाटलं, त्या दिवशी माझंच चुकलं पोरी, असं म्हणून हा माणूस सगळं स्वतःवर घेणार. दोन्हीतलं काहीही मला ऐकवणार नव्हतं.

"ते मी बोलले होते!" मी ओरडले. "ऋतुजा, ते वाक्य माझं होतं. बाबा तसं म्हणणारच नव्हते, ते तुला त्यांची मोजपट्टी देणार होते. मी मध्ये बोलले. मला माहीत होतं आणि मी नऊ वर्षं तुला सांगितलं नाही. आज त्यांचा चार्जरपण मीच लपवलाय."

पडद्यावर ती हलली नाही. वाटलं, फोन अडकला. मग ती अगदी हळू म्हणाली, "आई, तू गप्प बस. बाबांचं वाक्य व्हायचं आहे."

मी तोंडावर हात दाबून धरला. किती वेळ लागला, सांगता येत नाही. प्रत्येक शब्दाला हे थांबत होते, डोळे मिटत होते, पुन्हा सुरू करत होते. आम्ही दोघी ऐकत होतो. सगळं मिळून ते एवढंच होतं.

"त्या दिवशी मी आत जाऊन कागदावर लिहिलं. लिहिताना मी अडखळत नाही. मग तो कागद फाडला. वाटलं, तुझ्या आईशी वाद नको, संपतरावांशी नको. ह्याला काही कळत नाही असं सगळे समजतात, तर समजू दे. ते मला सोयीचं होतं, ऋतू. आयुष्यभर सोयीचं होतं. तुझ्या आईने वाक्य खोटं सांगितलं. पण पेन्सिल नऊ वर्षं माझ्या कानावर होती."

पुन्हा चुकले होते मी. दोन्ही वाक्यं चुकली होती माझी. हा माणूस भोळा नाही, हे मला महिन्याभरापूर्वी कळलं होतं. पण तो देवमाणूसही नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला मंद ठरवलं, आणि त्याने त्याचीच आडोशाला भिंत करून घेतली. तो त्या भिंतीआड बसून सगळं बघत होता. पोर गेली तेही.

ऋतुजा रडत होती, डोळे न पुसता. माझ्याकडे तिने बघितलं नाही. पुढेही बघेल की नाही, मला माहीत नाही. महिन्याचा फोन आता येईल की नाही, तेही माहीत नाही. ती फक्त ह्यांना म्हणाली, "बाबा, ती मोजपट्टी अजून आहे?"

हे म्हणाले, "आ... आ..."

'आहे.' पुढचं अक्षर शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. माझ्या ओठांवर ते आलं होतं. मी दातांखाली ओठ दाबला, रक्ताची चव आली, पण बोलले नाही. ऋतुजाही थांबली. बाहेर शेडमध्ये बायका मिरच्या निवडत हसत होत्या. हे श्वास घेऊन पुन्हा सुरू झाले.

"आ... आणून देतो," हे म्हणाले. "मी स्वतः."